राहून गेलेलं ब्रेक ऑइल

ये गं सुमे, पत्रातच का होईना, अशी जवळ बस आणि आधी माझी बोलणी खा. गाडीला एक लाख साठ हजार किलोमीटर झाले, दोन वर्षांत सर्व्हिसिंग नाही, आणि आता मेकॅनिकनं दिलेली यादी फोनवर पाठवून मला विचारतेस, "आत्या, यातलं आधी काय करू? सगळं एकदम नाही जमणार." माझ्याकडे नल्लकुंट्याला यायला तुला पाऊण तास लागतो. एवढंही होत नाही? असो. विचारलंस ते बरं केलंस. हाच प्रश्न फौजेत मला पडला होता आणि माझं उत्तर चुकलं. खरं तर चुकलं की नाही, हेही मला आजवर नक्की कळलेलं नाही. म्हणून सविस्तर लिहिते. शाळा तेलुगू मीडियमची, मराठी मी माझी मीच शिकले, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ तू सांभाळून घे.

बावीस वर्षं झाली. मी कॅप्टन होते. पोस्टिंग इथंच, हैदराबादला, छावणीत. माझ्याकडे एमटी आली. एमटी म्हणजे युनिटच्या सगळ्या गाड्या, त्यांचे ड्रायव्हर आणि त्यांची देखभाल. सकाळी सहाला पीटी, साडेसातला एमटी पार्कमध्ये फॉल-इन, आठला गाड्या बाहेर. बुधवारी गाड्या बाहेर जात नसत, त्या दिवशी फक्त मेंटेनन्स. माझे हवालदार होते कदम, नांदेडकडचे. त्यांना इंजिनाच्या आवाजावरून गाडी ओळखू येई. इंजिनाचं जे काही मला येतं ते त्यांनी शिकवलेलं.

आमच्याकडे एक जुनी अँब्युलन्स होती. ती चालवायचा नाईक यादय्या, मेदककडचा, चाळिशीतला. गाडीला तो 'अम्मा' म्हणायचा. अम्मा धूर फार सोडायची. एकदा सीओ साहेबांच्या, म्हणजे युनिटच्या प्रमुखांच्या, ऑफिससमोरून गेली आणि दुसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं. "कॅप्टन, ती अँब्युलन्स आहे की वीटभट्टी?"

मी लॉगबुक काढलं. त्यात बावीस हजार किलोमीटर. मला काही समजेना. एवढ्या कमी चाललेल्या गाडीला इतका धूर? कदमांना विचारलं.

"मॅडम, मीटर बदललेलं आहे. जुनं बंद पडलं, नवं बसवलं, ते शून्यापासून सुरू झालं. तेव्हा नवं बुकही सुरू केलं."

"आणि जुनं बुक?"

त्यांनी स्टोअरमधून शोधून आणलं. शेवटच्या पानावर पेन्सिलीनं लिहिलेलं, एक लाख चौऱ्याहत्तर हजार. म्हणजे गाडी जवळजवळ दोन लाख चाललेली. पण आमची प्रत्येक सर्व्हिस नव्या बुकाच्या आकड्यावर ठरायची. चाळीस हजारांवर करायची कामं आम्ही 'अजून ड्यू नाहीत' म्हणून सोडत होतो. पाच ऑफिसरांनी त्या बुकावर सह्या केल्या होत्या. सहावी माझी.

मी अम्माला व्हीओआर केली. म्हणजे तिला रस्त्यावर जायला बंदी. शेडमधल्या फळ्यावर कदमांनी खडूनं आठ ओळी लिहिल्या: इंजिन ऑइल आणि फिल्टर, इंजेक्टर, फॅन बेल्ट, रेडिएटरचे पाइप, क्लच, टायर, व्हील बेअरिंग, ब्रेक ऑइल. वेळ चार दिवस. दुसरी अँब्युलन्स बाहेरगावी ड्यूटीवर होती, त्यामुळे जास्त वेळ मिळणार नव्हता.

"कुठून सुरू करू, मॅडम?" कदमांनी विचारलं.

माझ्या डोक्यात सीओ साहेबांचा धूर. मी म्हटलं, "वरून खाली."

तीन दिवस आम्ही राबलो. यादय्या जेवायलाही शेडमध्येच बसायचा. कदम त्याला चिडवायचे, "काय रे यादय्या, बायकोची एवढी सेवा केलीस का कधी?" तो म्हणायचा, "घरकी लक्ष्मम्मा बोलती सो मैं सुनता. ये अम्मा तो बोलतीच नै. इसकू तो पूछनाच पडता."

चौथ्या दिवशी सकाळपर्यंत सहा ओळी पुसल्या गेल्या होत्या. धूर गेला होता. उरल्या दोन, व्हील बेअरिंग आणि ब्रेक ऑइल.

१०.५० ला फोन वाजला. शहराबाहेरच्या फायरिंग रेंजवर एका जवानाच्या मांडीला गोळी लागली होती. रक्त थांबत नव्हतं. अँब्युलन्स हवी, ताबडतोब.

मी शेडमध्ये गेले. यादय्यानं आधीच बॉनेट बंद केलं होतं.

मी कदमांकडे बघितलं. "ब्रेक?"

"पेडल कडक आहे, मॅडम. ब्रेकचे शूज ठीक आहेत. ऑइल जुनं आहे, पण..."

"यादय्या, जाईल?"

"हौ मॅडम. कायकू नै जाती?"

फौजेत ड्रायव्हरला 'जाईल का' असं विचारायचं नसतं बघ. त्याचं उत्तर ठरलेलं असतं. तरी मी विचारलं, आणि त्याच्या 'हौ'वर व्हीओआर काढून सही केली. वेळ १०.५८.

१२.०५ ला वायरलेसवर त्याचा आवाज आला. "कंट्रोल, कॅज्युअल्टी लोडेड. वापस आ रहा हूं. ओव्हर." नेहमीसारखाच आवाज. त्यानंतर काही नाही. १२.४० ला मी दोनदा कॉल केला. उत्तर नाही.

रेंजकडून येताना एक लांब उतार आहे. डावीकडे तळं, उजवीकडे आपल्याकडचे ते मोठे गोल धोंडे, आणि खाली बसस्टॉप. अम्मा उजवीकडे, रस्त्याच्या चुकीच्या बाजूला जाऊन धोंड्यावर आदळली होती. ड्रायव्हरची बाजू आत गेली होती. मागे नर्सिंग असिस्टंट आणि जखमी जवान, दोघं वाचले. मागच्या भागातून रस्ता दिसत नाही. असिस्टंटनं एवढंच सांगितलं की यादय्या "पकडो!" म्हणून ओरडला. यादय्या इस्पितळात पोचायच्या आधीच गेला.

आता ऐक, माझा गोंधळ इथं आहे. दुसऱ्या दिवशी वर्कशॉपच्या माणसानं पेडल दाबून पाहिलं. कडक. ब्रेक लागत होते. चाकं फिरवून पाहिली, धरत होती.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. मेजर साहेब चेअरमन. पहिला प्रश्न, गाडी किती चालली होती? मीटरचं उत्तर वेगळं, जुन्या बुकाचं वेगळं, आणि व्हीओआर काढायच्या फॉर्मवर तर मी स्वतः मीटरचे बावीस हजारच भरलेले. मी सगळं सांगितलं.

मेजर साहेब म्हणाले, "ब्रेक ठीक आहेत. ड्रायव्हर राँग साइडला गेला. भरधाव होता. दुसरं काय समजायचं?"

दुसरं काही समजायचं नसेल तर यादय्याच्या नावावर कायमचं 'ड्रायव्हरची चूक' लागणार होतं. लक्ष्मम्माच्या पेन्शनचे कागद त्यावर अडले असते. वीस वर्षं साफ रेकॉर्ड असलेला माणूस.

वर्कशॉपच्या माणसाला मी विचारलं, "जुन्या ब्रेक ऑइलनं असं होतं का?"

"होऊ शकतं, मॅडम. जुनं ऑइल पाणी धरतं. लांब उतारावर तापून उकळलं की पेडल पोकळ जातं, ब्रेक लागत नाही. थंड झालं की पुन्हा कडक."

"मग झालं का तसं?"

"ते आता कुणालाच सांगता येणार नाही."

मला खात्री नव्हती. आजही नाही. त्याला चक्कर आली असेल, समोरून कुणी आलं असेल, की तळं आणि बसस्टॉप टाळायला त्यानं मुद्दाम धोंडा धरला असेल. देवास ठाऊक. तरी मी उठून उभी राहिले आणि म्हटलं, "सर, ब्रेक ऑइल बदललेलं नव्हतं. ते बदलायचं आहे हे मला माहीत होतं. आधी धुराचं काम मी काढलं. गाडी माझ्या सहीनं गेली."

मेजर साहेब म्हणाले, "हे लिहून घेऊ?"

"घ्या, सर."

निकाल आला. कारण सिद्ध होत नाही, ड्रायव्हरचा दोष नाही. माझ्या फायलीला नाराजीचं पत्र लागलं. ते रास्तच होतं.

तर सुमे, तुझ्या यादीतलं थांबवणारं आधी कर: ब्रेक, ब्रेक ऑइल, टायर. चालवणारं नंतर. गाडी चालली नाही तर तू फार तर कोठीच्या बाजारात अडकून पडशील.

लक्ष्मम्मा दर वर्षी त्याच्या तिथीला गावाहून माझ्याकडे येते. जेवते, पान खाते, आणि निघताना चपला घालता घालता एकच विचारते, "मॅडम, हमारे उने गाडी अच्छी चलाते थे ना?" बाकी कशाची खात्री मला देता येत नाही. एवढ्यापुरती येते. मी म्हणते, "हौ लक्ष्मम्मा, सबसे अच्छी."

या गुरुवारी ती येणार आहे. तूही ये गं. तिला आता ऐकू कमी येतं, माझा आवाजही बसतो. हे उत्तर तिला नीट ऐकू जाईल असं सांगायला दोघी असलेल्या बऱ्या. लवकर ये.