पंच क्रमांक एक

माझ्या नावावर एक्केचाळीस खून आहेत, सगळे कागदावर. सकाळी साडेपाच ते आठ रहस्यकादंबरीकार आणि साडेदहापासून सरकारी कचेरीत कारकून, असं माझं वीसेक वर्षं चाललं. माझी पुस्तकं दुकानात फारशी दिसली नाहीत. पुण्याच्या एका प्रकाशकाकडून ती गठ्ठ्यांनी गावोगावच्या वाचनालयांत जायची. पुठ्ठ्याची बांधणी, वर प्लॅस्टिकचं कव्हर आणि मुखपृष्ठावर हमखास एक घाबरलेली बाई. नाशकातले प्रतिष्ठित लेखक मला पाहून नाकं मुरडायचे. मुरडोत बापडे! त्यांची पुस्तकं कपाटात कोरी करकरीत राहायची, माझी पानं सुटेपर्यंत वाचली जायची.

मला गर्व होता तो माझ्या नजरेचा. कुठेही गेलो की जागेवर नसलेली वस्तू मला आधी दिसते, असं मी चारचौघांत सांगत असे. बायको म्हणायची, ‘‘घरात स्वतःचा चष्मा सापडत नाही, आणि म्हणे नजर!’’ माझं प्रत्येक हस्तलिखित पहिल्यांदा तीच वाचायची, म्हणून मी हसून सोडून द्यायचो.

नव्वदीच्या मध्यावर आम्ही मखमलाबाद रस्त्याला नव्या कॉलनीत राहायला गेलो. आमच्या कुंपणापलीकडे एका कुटुंबाची फुलशेती होती, गुलाब आणि झेंडू. थोरला भाऊ सराफ बाजारातल्या फुलबाजारात फुलं विकायला बसायचा, धाकटा आणि त्याची बायको मळा बघायचे. धाकट्याची बायको रोज सकाळी माझ्या बायकोला कुंपणावरून देवाच्या फुलांची पुडी द्यायची. तिच्या कडेवर दीड-दोन वर्षांची मुलगी असायची. आजूबाजूला प्लॉट पडायला लागले होते आणि थोरल्याच्या मनात मळा विकायचं होतं. धाकटा तयार नव्हता, हे अख्ख्या कॉलनीला ठाऊक होतं.

एका सकाळी धाकटा विहिरीत पडून गेला. मोटर पाणी ओढत नव्हती. पाइपच्या तळाला जो व्हॉल्व्ह असतो, ज्याला सगळे शेतकरी फुटबॉल म्हणतात, तो बघायला तो उतरला होता. मी पोचलो तेव्हा त्याला वर काढून ठेवलं होतं आणि हवालदार दोन पंच शोधत होता. सरकारी नोकर म्हणून त्याने मला पकडलं आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला दुसरा पंच केलं. पंचनामा म्हणजे जागेवर जे दिसतं ते लिहून काढायचं आणि पंचांनी खाली सही करायची. हवालदाराने उकिडवं बसून भराभर लिहिलं, की सदर इसम पायऱ्या उतरताना पाय घसरून पाण्यात पडून मयत झाला. शेवटी नेहमीचं वाक्य, ‘वाचून पाहिले, बरोबर आहे.’ त्याखाली पंच क्रमांक एक म्हणून मी सही ठोकली. वाचलं काहीच नव्हतं. मला कचेरीत उशीर होत होता.

पण एक गोष्ट मी पाहिली होती. विहिरीपासून पंधराएक पावलांवर उंबर होता, त्याखाली शेंदूर लावलेले चार-पाच दगड होते आणि त्यांच्या अलीकडे त्याच्या चपला, नीट जोडीने ठेवलेल्या. मी त्या ओलांडूनच पुढे गेलो होतो. सायकलवरून कचेरीत जाताना डोक्यात तेच घोळत होतं. मोटर दुरुस्त करायला निघालेला माणूस काट्याकुट्यातून पंधरा पावलं अनवाणी कशाला जाईल? कचेरीच्या दारात पोचेपर्यंत मला कादंबरी सापडली होती. सांगायला लाज वाटते, पण त्या दिवशी मी आनंदात होतो.

कादंबरीत मी फुलांचा मळा काढून द्राक्षबाग घातली, नवऱ्याला दारू पाजली आणि बायकोला एक प्रियकर दिला. ती नवऱ्याला विहिरीत ढकलते आणि आत्महत्या वाटावी म्हणून त्याच्या चपला लांब नीट मांडून ठेवते. डिटेक्टिव्हला तिथेच संशय येतो. बायकोने हस्तलिखित वाचून परत दिलं आणि म्हणाली, ‘‘हे छापू नका. तिला कोणीतरी ओळखेल.’’ मी म्हणालो, ‘‘द्राक्षबाग आहे, गुलाब कुठे आहेत?’’ पुस्तक छापून आलं आणि माझ्या आधीच्या सगळ्या पुस्तकांपेक्षा जास्त वाचलं गेलं. चपलांच्या युक्तीचं कौतुक करणारी पत्रं सांगली-कोल्हापूरपासून आली. प्रत्येकाला मी स्वहस्ते उत्तर पाठवलं.

वर्षभराने मला पोलीस ठाण्यातून निरोप आला. नवीन बदलून आलेल्या साहेबांच्या टेबलावर माझीच कादंबरी पडलेली. थोरल्या भावाने भावजयीविरुद्ध अर्ज केला होता आणि पुरावा म्हणून वाचनालयातली प्रत जोडली होती, लाल पेनाने रेघा मारून. मला आधी हसूच आलं. साहेब हसले नाहीत.

‘‘तुम्ही पंच होता. चपला खरंच पाहिल्या होत्या?’’ त्यांनी विचारलं. ‘‘पाहिल्या असतील तर पंचनाम्यात त्या का नाहीत?’’

हो म्हटलं तर न वाचता सही केली हे कबूल करावं लागणार होतं. मला नोकरी दिसली, खातेनिहाय चौकशी दिसली, अडकलेली बढती दिसली. तोवरच्या सगळ्या कादंबऱ्यांत मी भित्र्या साक्षीदारांची टिंगल केली होती, आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा शेपूट घातली.

‘‘नाही साहेब, चपला नव्हत्या. ती लेखकाची कल्पना.’’

माझा तसा जबाब लिहिला गेला. ह्या वेळी मात्र मी अक्षर न् अक्षर वाचून सही केली. दुकानदाराला काही आठवतच नव्हतं. कॉलनीत मला सगळे भाऊसाहेब म्हणत. ‘भाऊसाहेब म्हणतात तसंच,’ असं सांगून तो मोकळा झाला. मला वाटलं, मी त्या बाईलाही वाचवलं. चपलाच नाहीत म्हटल्यावर संशय कसला?

दोन दिवसांनी ती आमच्या दारात आली. बायकोने तिला आत बसवलं, पाणी दिलं. तिने पाण्याला हात लावला नाही.

‘‘भाऊसाहेब, मी पहिल्या दिवसापासून सांगतीय, चपला उंबराखाली व्हत्या. माझ्या जबाबात लिव्हलंय तसं. तुम्ही नाय कसं म्हणता? तुम्ही त्या वलांडून आलात, मी बघत व्हते.’’

मग मी, इतक्या उशिरा, जे पंचनाम्याच्या दिवशी विचारायला हवं होतं ते विचारलं. ‘‘पण त्यांनी त्या तिथे काढल्या कशाला?’’

ती माझ्याकडे बघतच राहिली. एवढं कसं ठाऊक नाही, असा तिचा चेहरा झाला. ‘‘तिथं आसरा हायेत ना. पाण्याच्या देवी. त्यांच्या म्होरं पायात घालून आमच्यात कोणीच जात नाय. पावनं आलं तरी काढायला लावतो. ह्यांनी रोज तिथंच काढल्या.’’

ज्या दगडांना मी नुसते शेंदूर फासलेले धोंडे समजून पुढे गेलो होतो, त्या आसरा होत्या. शहरात वाढलेल्या माणसाला ते ठाऊक नसणं हा गुन्हा नव्हे. पण थोरल्या भावाला ते जन्मापासून ठाऊक होतं आणि तो गप्प बसला होता, आणि साहेब विदर्भातून आलेले. आता त्यांच्यापुढे दोन जबाब होते. बाई म्हणते चपला होत्या, दोन्ही पंच म्हणतात नव्हत्या. म्हणजे बाईने त्या मागाहून आणून ठेवल्या. थेट माझ्या कादंबरीतल्यासारखं.

‘‘साहेबांना एकदा जाऊन सांगा,’’ ती म्हणाली. ‘‘मला लय काय नको. पोरगी माझ्यापाशी ऱ्हाऊ द्या.’’

मी म्हणालो, ‘‘बघतो.’’

मी गेलो नाही. रोज सकाळी उठून आज जाऊ म्हणायचो आणि लिहायला बसायचो. बायको आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. मग बोलायला लागली, पण माझं हस्तलिखित तिने पुन्हा कधी हातात घेतलं नाही.

गुन्हा काही दाखल झाला नाही. पाच-सहा महिने तिला ठाण्यात बोलावून बोलावून शेवटी कागद बंद झाले. पण तोवर सासरच्यांनी तिला माहेरी घालवलं होतं. नवऱ्याला खाल्लेल्या बाईकडे आमची पोर ठेवणार नाही, म्हणाले. पोलीसही विचारताहेत म्हटल्यावर तिचा भाऊसुद्धा भांडायला धजला नाही. मळ्यावरचा हक्क तिच्याकडून लिहून घेतला, मुलगी ठेवून घेतली. विहीर बुजवली आणि तिथे इमारत उभी राहिली. माझ्या पुस्तकाची दुसरी आवृत्तीही निघाली. मी नको म्हटलं नाही.

पुढे वाचनालयं एकेक करून बंद झाली, लोक घरोघरी मालिका बघू लागले, प्रकाशकाने पत्राला उत्तर देणं सोडलं. मी निवृत्त झालो. आता नोकरी जायची भीती नव्हती, तेव्हा माझ्यात धीर आला. असला धीर काय कामाचा! ठाण्यात गेलो तर तिथल्या तरुण अंमलदाराने सांगितलं, ‘‘काका, ते कागद कधीच नष्ट झाले. आता जबाब कशाला जोडू?’’

मग तिच्या माहेरचा पत्ता काढून वणीच्या पुढे गेलो, शेवटचा टप्पा जीपने. ती भावाच्या शेतावर टोमॅटो निवडून क्रेट भरत होती. केस पिकलेले होते. तिने मला लगेच ओळखलं, बसायला रिकामा क्रेट उलटा करून दिला आणि पुन्हा कामाला लागली. मी विचारायच्या आधीच तिने सांगितलं की मुलीचं लग्न ठरलंय. चुलत्याने ठरवलं, तिला गावातल्या कोणाकडून तरी कळलं. बोलावणं आलेलं नव्हतं.

मी येताना वाटेत वाक्यं जुळवली होती, ती सगळी विसरलो. म्हणालो, ‘‘ताई, तुमचं खरं होतं. मी खोटं बोललो. नोकरीच्या भीतीने बोललो.’’

तिचे हात थांबले नाहीत. एक नासका टोमॅटो तिने बाजूला टाकला.

‘‘मला कशाला सांगता?’’ ती म्हणाली. ‘‘मला तर ठावकंच हाय. माझ्या पोरीला जाऊन सांगा.’’