चांगूआय आणि टाकायचं दूध

चांगूआय तिन्हीसांजेला पोटुशी बाईच्या दारात येऊन मुकाट उभी राहायची. हाक नाही, खोकणं नाही. आतल्या बाईने "ये गो आये" म्हटलं की आल्या पावली परत. पण बाईने दाराकडे बघूनही ओळख दिली नाही, तर चांगूआय उंबऱ्यावरच बसकण मारायची. "हिला दिसत नाय. नर्सबाई, लिवून घ्या."

पेणच्या खाडीकडच्या त्या मिठागरांच्या गावात मी नवी नर्स म्हणून गेले, तेव्हा मला हा निव्वळ आगाऊपणा वाटला. मी कार्डं भरणारी, शिकलेली बाई. ही सुईण मला शिकवणार? पण कार्डावरचा "संध्याकाळी दिसतं का?" हा प्रश्न विचारला की बायका सरळ "दिसतं की" म्हणत. पोटुशीला अंधार पडल्यावर दिसत नाही, हे गावाच्या लेखी डोहाळ्यांइतकंच साधं होतं. अ जीवनसत्त्व कमी पडतंय, तुम्हालाही आणि पोटातल्या बाळालाही, हे सांगून माझा घसा बसायचा. पालेभाजी खा म्हटलं की सासवा म्हणत, पाल्यानं पोराला हगवण लागते.

आणि हे सगळं गावाला शिकवलं होतं चांगूआयनेच. "पोर आयेचे डोळे मागून नेतं, बाळंत झाली का देतं परत," हे तिचंच बोलणं. बाळ झालं की तीन दिवस चीक, म्हणजे ते पहिलं पिवळं घट्ट दूध, पिळून टाकायचं आणि बाळाला गुळाचं पाणी पाजायचं, हेही तिनेच वर्षानुवर्षं घरोघर केलेलं. मग रोह्याकडे दिलेली तिची लेक बाळंतपणाला माहेरी आली. तिला संध्याकाळी दिसेना. चांगूआय हसली. चीक तिने स्वतःच्या हाताने पिळून गोठ्यात टाकला. नात दहा महिन्यांची झाली, तिला गोवर आला आणि आठवड्याभरात दोन्ही डोळ्यांत फुलं पडली. त्या आंधळ्या पोरीने तिसरं वर्ष पाहिलं नाही.

"डॉक्टरनं मला समजावून सांगितलं," ती मला म्हणाली. "तिच्या वाटचं जे काय व्हतं ते मी शेणात टाकलं, नर्सबाई." तेव्हापासून ती दारोदार उलटं सांगत फिरत होती आणि बायका हसत होत्या. "आये, तूच तर टाकायला सांगायचीस गो!" ती उठून पुढच्या दारी जायची. मला मात्र त्या हसण्याचा भयंकर राग यायचा.

मंदा मिठागरावर काम करायची. सातवा महिना लागला आणि चांगूआय तिच्या उंबऱ्यावर बसली. माझ्या कपाटात अ जीवनसत्त्वाची बाटली होती, पण ती मोठ्या मात्रेची, लहान मुलांसाठी. पोटुशीला दिली तर पोटातल्या बाळालाच अपाय होतो, हे आम्हाला बजावलेलं होतं. उपाय होता तो ताटात, आणि ताट होतं सासूच्या हातात. चांगूआय माठाची, शेवग्याच्या पाल्याची भाजी करून थेट मिठागरावर न्यायची आणि मंदा खाईपर्यंत समोर बसायची. "तुझ्यासाठी नाय, आतल्या पोरासाठी खा," म्हणायची.

तेवढ्याने भागलं नाही. आठव्या महिन्यात कामावरून परतताना मंदाला उजेड गेल्यावर बांध दिसला नाही. ती पडली. बाळ घरीच झालं, मुलगी, मूठभर. मंदाचं रक्त थांबेना. टेम्पोतून पेणला नेताना ती पहाटे वाटेतच गेली. मी तिचा हात धरून बसले होते आणि मला काहीही करता आलं नाही.

त्याच सकाळी शेजारच्या आळीत सुमन बाळंत झाली होती. मुलगा, चांगला गुटगुटीत. चांगूआय मंदाची मुलगी पदरात घेऊन तडक तिकडे गेली. सुमनची सासू ताराबाय चीक पिळायला बसतच होती. "नासकं दूध हाय ते आये, आमच्या पोराला नाय पाजायचं," ती म्हणाली.

"टाकायचंच हाय ना गो? मग हिच्या तोंडात टाक."

ताराबायने विचार केला. आई नसलेल्या पोरीचं काय आणखी वाईट व्हायचं होतं! तिने मान डोलावली. तीन दिवस सुमनचा चीक मंदाची मुलगी प्यायली आणि सुमनचा स्वतःचा मुलगा बाजूला गुळाचं पाणी चाटत पडला. चांगूआयने ताराबायचे पाय धरले, मी पोलिसांची भीती घातली. ती बधली नाही. पाचव्या दिवशी मुलाला जुलाब सुरू झाले आणि नवव्या दिवशी तो गेला.

आम्ही दोघी भेटायला गेलो. मला वाटलं, ताराबाय अंगावर येईल. ती भांडली नाही. एवढंच म्हणाली, "मी तुझंच केलं, आये. माझ्या तिन्ही पोरांचा चीक तूच टाकलास."

"व्हय गो," चांगूआय म्हणाली. "माझंच हाय ते."

त्यानंतर तिने बाळंतपणं सोडली. रोह्याला लेकीकडे गेली आणि वर्षाच्या आत तिथेच वारली. मला चार दिवसांनी कळलं. मंदाची मुलगी सुमनच्याच दुधावर वाढत होती.

पुढे सुमनला पुन्हा मुलगा झाला, तेव्हा मी तिथे होते. नाळ कापून मी हात धुवायला वळले, एवढ्यात ताराबायने, कुणी काही सांगायच्या आत, बाळ उचलून सुमनच्या छातीशी लावलं. ते ओढू लागेपर्यंत तिने त्याचं डोकं तळव्यात धरून ठेवलं. मग मागल्या दारी जाऊन तोंडात पदर कोंबून रडत बसली. मी तिची समजूत घालायला गेले नाही.