खळ्यावरचं पार्किंग

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर आजही नाही. या सदरातले अनुभव मी वाचतो. कुणाला विहिरीवर बाई दिसते, कुणाच्या माळ्यावर पावलं वाजतात... वाचतो, पान उलटतो आणि जेवायला बसतो. मी भिवंडीत पॉवरलूमच्या कारखान्यात जॉबर होतो. जॉबर म्हणजे लूम बिघडला की दुरुस्त करणारा माणूस. लूम बंद पडला तर त्याला कारण असतं, कारण सापडलं की तो चालू होतो — माझं सगळं शिक्षण एवढंच. त्यामुळे हे लिहायला बसलोय याचं मलाच नवल वाटतंय. पण बायको म्हणाली, एकदाचं लिहून टाका, डोक्यातून तरी जाईल. बघू.

आमची बिल्डिंग नारपोलीत. मेन रोडवरून लूमच्या शेडांमधल्या गल्लीत आत आलं की डाव्या हाताला, तळमजला आणि वर चार माळे. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी बांधली. त्याआधी तिथे आमचं भातशेत होतं. आजूबाजूला शेडा उभ्या राहिल्या, शेतातलं पाणी जायची वाट बंद झाली, भात उभ्या उभ्या पिवळा पडायला लागला... तेव्हा बाबांनी जमीन बिल्डरला देऊन टाकली. बदल्यात आम्हाला तळमजल्यावर दोन ब्लॉक मिळाले. आणि बिल्डर बाबांना म्हणाला होता, "पुढची मोकळी जागा तुमचीच समजा, पाटील." हे सगळं तोंडी. आमच्याकडे तोंडी शब्दावर लग्नं ठरतात, त्यामुळे बाबांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

ती मोकळी जागा म्हणजे आमचं खळं. शेणाने सारवलेलं गोल अंगण, मधोमध मेढ — म्हणजे लाकडी खांब — आणि त्या मेढीला बांधलेले बैल कापलेल्या भातावरून गोल गोल फिरायचे. त्यांच्या खुरांनी दाणा सुटायचा. आमच्या घरातलं मूल चालायला लागलं की त्याला त्या बैलांच्या मागे सोडायचे, मलाही सोडलेलं. बिल्डरने मेढ उपटली, वर मुरूम पसरला आणि चुन्याच्या पांढऱ्या पट्ट्या मारल्या. झालं पार्किंग.

बिल्डिंगमध्ये गाड्या होत्याच किती? चार-दोन स्कूटर आणि दुसऱ्या माळ्यावरच्या हनीफभाईंची जुनी फियाट. खरा ताप होता तो बाहेरच्या टेम्पोंचा. बाजूच्या शेडांत सुताच्या बिमा, म्हणजे सूत गुंडाळलेले मोठे रूळ, घेऊन येणारे टेम्पो सरळ आमच्या कंपाउंडमध्ये घुसायचे, ड्रायव्हर चहाला गायब, आणि आमची माणसं स्कूटर कुठून काढायची म्हणून बोंबलत उभी. रोज शिव्या, रोज कॉलर धरणं. शेवटी सेक्रेटरी पेडणेकरांनी मनावर घेतलं. ते तिसऱ्या माळ्यावर राहायचे, ठाण्याला ऑफिसात नोकरी. माणूस कामाचा, हे कबूल केलंच पाहिजे. त्यांनी कंपाउंडचा मध्य काढून तिथे लोखंडी खांब रोवला, त्याला जाडजूड लांब साखळी जोडली आणि नियम केला — पट्टीत नाव नसलेली गाडी दिसली की चाकात साखळी आणि कुलूप. चावी त्यांच्या खिशात. ड्रायव्हरने तिसऱ्या माळ्यावर जाऊन माफी मागायची, मगच गाडी सुटायची.

मेढसुद्धा खळ्याचा मध्य काढूनच रोवलेली असते. त्यामुळे तो खांब बरोबर मेढीच्या जागी आला. बाबा दारात बसून बघत होते. म्हणाले, "मेढ घातली व्हय? बरा केला." सगळे हसले, मीही हसलो.

आता बैलाचं सांगतो. जमीन गेली तशी जनावरंही गेली, पण एक म्हातारा बैल बाबांनी ठेवला. पाखऱ्या. बाबा त्याला आमच्या खिडकीखाली गजाला दाव्याने बांधायचे. ती जागा कागदावर हनीफभाईंच्या फियाटची. हनीफभाईंचे आजोबा आणि माझे आजोबा एकमेकांच्या घरी जेवलेले. ते बिचारे काही न बोलता फियाट बाहेर रस्त्यावर लावायचे. पण पेडणेकरांना ते डोळ्यांत खुपायचं. गच्चीवर मीटिंग भरली आणि बाकीचे विषय सोडून गाडी बैलावर आली.

"मला काही तकलीफ नाही," हनीफभाई म्हणाले. "काकांचा बैल राहूं दे तिथं."

"तुमच्या मेहरबानीवर सोसायटी चालत नाही, हनीफभाई," पेडणेकर म्हणाले. "आज बैल आहे, उद्या कुणी म्हैस आणून बांधील. पट्टीत ज्याचं नाव नाही त्याला साखळी. मग तो टेम्पो असो नाहीतर बैल."

बाबा उठून उभे राहिले. "ती जागा माजी हाय. कागदावर नसंल, जमिनीवर हाय."

मी बाबांचा हात धरून त्यांना जिना उतरवलं. ते पायरी पायरीला थांबत होते आणि पुन्हा तेच म्हणत होते. मला त्यांची दया येत होती आणि थोडा वैतागही.

मीटिंगनंतर लवकरच बाबा एका हळदीला शेलार गावी गेले. मे महिना, उन्हाने मुरूम भाजत होता. माझी दिवसाची शिफ्ट होती. पेडणेकर ऑफिसला निघता निघता वॉचमनला म्हणाले, "मीटिंगमें जो तय हुआ है, वैसा करो." त्यांना म्हणायचं होतं टेम्पोंचं. वॉचमन रामअवध नवा होता, नुकताच गावाहून आलेला, आणि मीटिंगची गोष्ट त्याच्या कानावर बैलाच्या नावानेच गेली होती. त्याने पाखऱ्याला सोडलं, खांबापाशी नेलं, गळ्यात साखळी घातली आणि कुलूप दाबलं. कुलूप दाबलं की बसायचं. उघडायची चावी ठाण्याला.

पाखऱ्याचं सगळं आयुष्य मळणीत गेलेलं. मध्ये खांब आणि गळ्यात बंध, एवढं झाल्यावर तो काय करणार? फिरायला लागला.

माझ्या बायकोने, सुमनने, खिडकीतून पाहिलं. ती वळ गावची, शेतकऱ्याच्या घरातली. मेढीभोवती फिरणारा बैल तिने लहानपणापासून पाहिलेला. तिला वाटलं बाबाच परत आले असतील, फिरवत असतील थोडं, म्हाताऱ्याची हौस. तिने भाकऱ्या थापल्या, कपडे धुतले. शहरातली बाई असती तर पहिल्याच फेऱ्याला ओरडली असती. हिला त्यात ओरडण्यासारखं काही दिसलंच नाही. कपडे वाळत घालायला बाहेर आली तेव्हा साखळी खांबाला पूर्ण गुंडाळली गेली होती, पाखऱ्याची मान खांबाला चिकटली होती आणि तो तरीही पाय उचलत होता.

तिची हाक ऐकून हनीफभाईंनी माणूस पाठवून मला शेडवरून बोलावलं. मी करवतीचं पान घेऊन धावत आलो आणि कुलूप कापलं. हात चालत होते, अगदी नीट चालत होते. पाखऱ्या तोवर खाली बसला होता. कुलूप तुटलं तेव्हा त्याची मान माझ्या मांडीवर पडली आणि मला कळलं. मला काहीच वाटलं नाही. खूप वाटायला पाहिजे होतं.

बाबा संध्याकाळी आले, सदऱ्याला हळद लागलेली. त्यांनी पाखऱ्याकडे पाहिलं, खांबाकडे पाहिलं, सुटी करून ठेवलेल्या साखळीकडे पाहिलं. कुणाला शिवी नाही, काही नाही. आत येऊन खाटेवर भिंतीकडे तोंड करून झोपले. आणि त्या दिवसापासून बोलायचे बंद झाले. जेवायचेही. सुमन ताट घेऊन तासन्‌तास बसायची. चहाचे दोन घोट कसेबसे जायचे. डॉक्टर म्हणाले, दुखणं काही नाही, पण हे असं चालणार नाही, हाडं वर आलीत. सलाईन लावली, बाबांनी सुई काढून टाकली. माझे वडील माझ्या डोळ्यांदेखत संपत होते आणि मी सकाळी उठून ड्युटीवर जात होतो, परत येत होतो.

पेडणेकर दारात आले. "मी रागात बोललो होतो हो... बैलाला बांधा असं मी कसं सांगेन?"

"नाही सांगणार," मी म्हणालो. ते वर निघून गेले.

खांब मात्र राहिला, कारण टेम्पो यायचे थांबले नव्हते. साखळीला नवं कुलूप आलं. आणि तिथून सुरू झालं... रामअवध साखळी खांबाच्या बुडाशी ढीग करून ठेवायचा, दुपारी बघावं तर ती खांबाला घट्ट गुंडाळलेली. वेढ्यावर वेढा. तो सोडवून ठेवायचा, पुन्हा तेच. पोरांचा चाळा म्हणून त्याने पोरांना दमात घेतलं. मग पेडणेकरांनी साखळीच्या मोकळ्या टोकाचा फास केला आणि त्याला कुलूप घालून चावी स्वतःकडे ठेवली. तरी तेच. खांबाभोवती मुरुमात गोल वाट पडायला लागली होती. पाणी मारून, धुम्मस करून बुजवली. पुन्हा पडली. मी म्हणायचो, टेम्पोच्या चाकाने पडली असेल.

आमच्याकडे शुक्रवारी लूम बंद असतात. भिवंडीत राहणाऱ्याला ती शांतता माहीत आहे, कान दुखल्यासारखे होतात. अशाच एका शुक्रवारी भरदुपारी मी घरात पडलो होतो. खाटेकडे पाहिलं तर बाबा नव्हते. ज्यांना धरून मोरीपर्यंत न्यावं लागायचं ते बाबा खाटेवर नव्हते. आणि बाहेर साखळी वाजत होती. रोज लूमच्या खडखडाटात ती ऐकूच आली नसती.

मी दारात गेलो. बाबा खांबाभोवती फिरत होते. सावकाश, पाय ओढत. डावा हात खांद्याएवढा वर, पंजा पालथा, कुणाच्या तरी पाठीवर ठेवावा तसा. आणि त्यांच्या पुढे साखळी होती. खांबापासून हवेत, ताठ. तिच्या टोकाचा फास बैलाच्या मानेच्या उंचीवर उभा होता, गोल, भरलेला. लोंबत नव्हता. बाबा एक पाऊल टाकायचे, साखळी तेवढी पुढे सरकायची.

मी तार शोधली. खरंच सांगतो, माझ्या डोक्यात पहिली गोष्ट हीच आली, की कुठूनतरी तार किंवा दोरी असणार. वर बघितलं, खाली बघितलं. काही नव्हतं. सुमन माझ्या मागे येऊन उभी राहिली होती. तिने माझा दंड धरला. तिसऱ्या माळ्याच्या गॅलरीत पेडणेकर उभे होते, त्या दिवशी ते रजेवर होते. त्यांनी कठडा दोन्ही हातांनी धरला होता.

बाबा तोंडाने मळणीची हाक घालत होते. इतक्या दिवसांनी त्यांचा आवाज निघत होता, जरा फाटलेला. "फिर रं... फिर रं बाला..." मला त्यांना हाक मारायची होती. मारता आली नाही.

पेडणेकर खाली आले, अनवाणीच. ते खांबापासून थोडं दूर थांबले आणि म्हणाले, "पाटील... उघडू का?"

बाबा म्हणाले, "हो." बैलाला थांबवताना म्हणतात तसं. साखळी जागच्या जागी थांबली, तशीच ताठ. बाबा एका बाजूला सरले. पेडणेकरांनी खिशातून चावी काढली आणि हवेतलं ते कुलूप उघडलं. चावी लागायला वेळ लागला. कुलूप निघालं आणि साखळी मुरुमावर पडली, नुसत्या साखळीसारखी. पेडणेकर कुलूप हातात घेऊन जिना चढून गेले.

बाबा आत आले. मोरीत जाऊन स्वतः पाय धुतले आणि पाटावर येऊन बसले. माझ्याकडे बघून म्हणाले, "पानी दाखवलास का त्याला?"

"दाखवलं, बाबा."

"मंग वाढ."

सुमनने भात वाढला, वर सुकटीचं कालवण. थोडा भात ताटाबाहेर सांडला. बाबांनी तो उचलून ताटात घेतला.

त्यानंतर तसं काही घडलं नाही. पेडणेकरांनी खांब काढून टाकला. माझ्याशी ते या विषयावर कधी बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. टेम्पो आजही येतात, भांडणं होतात. ती साखळी मी नंतर उचलून पाहिली होती. एका हाताने आडवी धरायला गेलो तर मनगट खाली जात होतं. वारा म्हणावं तर त्या दुपारी वाळत घातलेलं फडकं हलत नव्हतं. तिघांना एकदम भास झाला म्हणावं, तर कुलूप उघडलं ते कोणाच्या गळ्यातलं? कारण शोधणं हा माझा धंदा होता, आणि इथे मला कारण सापडलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचत असेल तर जरूर कळवा.

लोक विचारतात, भीती नाही वाटली? नाही वाटली. त्या वेळी मला काहीच वाटलं नाही. मी बाबांच्या समोर बसलो होतो आणि बाबा जेवत होते. त्यांनी पुन्हा भात मागितला, तेव्हा मला रडू आलं.