पंचवीस हॉर्सचा हट्ट

शोरूमच्या शेठने मला खुर्ची दिली, पंखा माझ्याकडे वळवला, चहा मागवला आणि मग बोलायला लागला तो माझ्या चुलतभावाशी, दादाशी.

ही एकोणीसशे ऐंशीच्या आसपासची गोष्ट. शोरूम नागपुरात, सीताबर्डीपासून थोडं पुढे होतं. आत तीन ट्रॅक्टर धुऊनपुसून उभे होते, एक लहान, पंचवीस हॉर्सचा, एक मधला आणि एक पन्नास हॉर्सचा, भिंतीला टेकल्यासारखा मोठा. मी लहानाकडे बोट दाखवून विचारलं, "याची रुंदी किती आहे?"

शेठ दादाकडे वळून म्हणाला, "भाऊ, हा तुमच्या कामाचा नाही. चाळीस एकर म्हणता ना? मग पन्नासच घ्या."

चाळीस एकर दादाचं होतं. आमचं सतरा. मी म्हणाले, "शेठ, चाळीस एकर यांचं. ट्रॅक्टर मी घेऊन राहिली, अन् माझं सतरा आहे. सात-बारा माझ्या अन् आईच्या नावावर आहे."

शेठने मान हलवली, "हो हो, बरोबर आहे," म्हणाला आणि पुन्हा दादालाच विचारलं, "ट्रॉली आत्ताच सांगून ठेवू का?"

मी चहा तसाच ठेवून उठले.

वडील गेले त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. मला भाऊ नव्हता. हिंगण्याच्या पलीकडे आमचं गाव, तिथे नऊ एकर संत्र्याचा बगीचा आणि आठ एकर काळं वावर, कापूस आणि तुरीचं. मी नवऱ्यासोबत आईकडेच राहायला आले. नवरा हिंगण्याच्या एका कारखान्यात होता, आणि कारखान्यांची बस आमच्या फाट्यावर थांबायची, म्हणून ते जमलं. पण त्याच बसने आमचे दोन्ही सालदार एकेक करून गेले. माझा त्यांच्यावर राग नव्हता. भर पावसात वखर धरण्यापेक्षा छपराखाली पाना धरणं कोणालाही बरं वाटेल. फक्त त्यांच्या मागे वखर तसाच पडून राहिला, बैल गोठ्यात उभे राहिले आणि बगीच्यात गवत गुडघ्याला लागलं. तेव्हा आईच म्हणाली, "माणूस नाही भेटून राहिला तं मशीन आन."

दादा वाईट माणूस नव्हता. हे लिहिलंच पाहिजे. वडिलांच्या आजारपणात नागपूरच्या दवाखान्यात तोच रात्रंदिवस बसला. ते गेले त्या उन्हाळ्यात आमच्या बगीच्याला पाणी त्यानेच दिलं. त्यामुळे त्याला नाही म्हणणं मला जड होतं, आणि हे त्यालाही माहीत होतं. "मोठा घेऊ," तो म्हणायचा, "दोघाईचं काम होईन." गावात त्याने सांगूनही टाकलं होतं की आमच्या घरी पन्नास हॉर्स येऊन राहिला. शेजारच्या दोघांना नांगरून द्यायचा शब्दही देऊन बसला होता. ते आम्हाला नंतर कळलं.

शोरूममधून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी आणि आई बैलबंडीचा दोर घेऊन बगीच्यात गेलो. वडिलांनी अठरा अठरा फुटांवर झाडं लावली होती. पण झाड काही लावल्या जागी थांबत नाही. दोन्हीकडून फांद्या पसरून मधे जी वाट उरली होती तीच आमच्या कामाची. आई एका झाडापाशी दोर धरून उभी राहायची, मी समोरच्या. जिथे वाट सगळ्यात अरुंद, तिथे तिने दोराला गाठ मारली. संध्याकाळी नवऱ्याने कारखान्यातला टेप लावला. सहा फूट चार इंच.

"हॉर्सपॉवर सगळे सांगतात," तो म्हणाला, "वजन अन् रुंदी कोणी सांगत नाही. ते आपण विचारायचं." मग त्याने एवढंच जोडलं, "मले मशीन समजते, वावर समजत नाही. तू म्हणशील तो घेऊ."

पुढच्या आठवड्यात मी एकटीच नागपूरला गेले, पिशवीत दोर घेऊन. शोरूममध्ये मोठ्या ट्रॅक्टरच्या मागे बसले आणि एका चाकाच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्याच्या कडेपर्यंत दोर ताणला. तो चाकांनीच गाठीला भिडत होता. त्याच्या मागे लावायचं कल्टिव्हेटर तर गाठीच्या वीतभर बाहेर जात होतं. मग लहानाला दोर लावला. चाकं आत, कल्टिव्हेटर आत, वर दोन्हीकडे चार-चार बोटं जागा. तिथले मेकॅनिक हातातलं काम टाकून बघत होते. एक जण हसून म्हणाला, "बाई कपडा मोजून राहिली."

मी शेठला सांगितलं, "दोन्ही ट्रॅक्टर माझ्या बगीच्यात चालवून दाखवा. मग ठरवते."

"बाई, मशीन म्हणजे काही साडी नाही, उलगडून दाखवायला."

"साडीसुद्धा मी उलगडून पाहते, शेठ. अन् ती तर एवढी महाग नसते."

तो हो म्हणाला. पण ठरल्या दिवशी आला तो एकच, मोठा. दादाने मधे निरोप धाडला होता.

उन्हाळ्याचा शेवट होता. आंबिया बहाराची फळं लिंबाएवढी झाली होती. ट्रॅक्टरच्या आवाजाने अर्धं गाव धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, जमलं. दादा पांढरा सदरा घालून आला होता, हातात नारळ आणि हळदीकुंकवाची पुडी. अजून काही घेतलंच नव्हतं आणि त्याने बोनेटवर कुंकू लावलंसुद्धा. मी मनात म्हटलं, चालू दे, एकदा सगळ्यांना दिसू दे.

शोरूमचा ड्रायव्हर वयस्कर होता, हात सावकाश चालणारा. पहिली दोन झाडं त्याने अंग चोरून पार केली. तिसऱ्या झाडाची खालची फांदी मडगार्डमध्ये अडकली, ताणली आणि बुंध्यापासून सालीसकट सोलून आली. हिरवी फळं बोनेटवर गिट्टीसारखी वाजली. वर उभा सायलेन्सर पलीकडच्या फांद्यांत घुसला होता. ड्रायव्हरने स्वतःच इंजिन बंद केलं.

"नाही जात, बाई," तो म्हणाला. "पुढे न्यायचा तर तुम्ही दुसरा माणूस पाहा."

"चाल, चाल," दादा धुऱ्यावरून ओरडला. "दोन-चार फांद्यांनं काय होते?"

तेव्हा आई उठली. ती बुटकी, साठीला आलेली, उन्हाने काळवंडलेली. ट्रॅक्टरच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि तुटलेली फांदी उचलून दादाला दाखवली.

"मोज गा," ती म्हणाली. "किती फळं हायेत मोज."

दादा खाली आला. त्याचा आवाज आता समजुतीचा होता. "काकू, ऐक माह्यं. एक आड एक ओळ काढून टाकू. झाडं तशीबी म्हातारी होऊन राहिली. मंग ट्रॅक्टर आरामात फिरीन."

मला वाटतं, तोपर्यंत माझ्या मनात थोडी शंका होती. इतक्या लोकांना मोठा हवा आहे, त्यात काही तरी तथ्य असेल, असं मीही घाबरून म्हणत असे. त्या एका वाक्याने ती शंका संपली. अर्धा बगीचा कापायचा, कशासाठी, तर त्याचा ट्रॅक्टर वळावा म्हणून.

"दादा," मी म्हणाले, "उद्या तो घराच्या दारातून गेला नाही तर घर पाडायचं का?"

धुऱ्यावर कोणीतरी हसलं. दादाचा चेहरा उतरला आणि लगेच चढला. "बाईच्या जातीले मशीन कायची समजते? लहान घेशीन तं तीन वर्सांत रडत येशीन माह्या दारी. गावात तोंड दाखवाले जागा राहणार नाही आपल्याले."

"मशीन शिकून घेईन मी. पण हे वावर मला आजच समजते. अन् तुला एवढा मोठा पाहिजे असेल तर तुझ्या नावावर घे. माझ्या नावावर तुझी चाळीस एकर नांगरली जाणार नाही."

हे मी भर लोकांत बोलले.  वडिलांच्या आजारपणात तो दवाखान्याच्या बाकावर झोपायचा ते आठवत होतं. तरी बोलले. दादाने नारळ तसाच उचलला आणि निघून गेला. त्यानंतर तीन वर्षं त्याने आमच्या अंगणात पाय ठेवला नाही. आई त्या दिवशी जेवली नाही. मी विचारलं, "चुकलं का माझं?" ती म्हणाली, "नाही चुकलं. पन भूक नाही." बस, एवढंच.

मग शेठची पाळी. तो म्हणाला लहान मॉडेल यायला चार महिने लागतील, आणि समोर उभा आहे तो एका गिऱ्हाइकासाठी ठेवलेला आहे. कोणत्या गिऱ्हाइकासाठी, ते त्याला सांगता येईना. मी म्हणाले, "ठीक आहे, ते गिऱ्हाईक येईपर्यंत मी बसते." आणि बसले. सकाळच्या बसने यायचं, डब्यातली भाकरी तिथेच खायची आणि संध्याकाळच्या बसने परतायचं. येणारे कास्तकार विचारायचे, "बाई, तुमी काहून बसल्या?" मी सांगायची, "हा लहान ट्रॅक्टर घ्यायचा आहे, पण शेठ विकत नाही." दोनदा तर लोक हे ऐकून स्वतःचं काम न सांगताच परत फिरले. तिसऱ्या दिवशी दुपारी शेठने चावी माझ्यापुढे टेबलावर ठेवली. या वेळी बोलला तो माझ्याशी. "बाई, कागदावर सही कोन करीन?"

"मीच," म्हटलं.

ट्रॅक्टर घेऊन आला तोच वयस्कर ड्रायव्हर. आठ दिवस आमच्याकडे राहून त्याने मला शिकवलं. नऊवारीची मला सवय नव्हती, पण त्या आठ दिवसांत आईची लुगडी नेसले, काष्टा घट्ट मारून. लोक बघायला यायचे. एकदा क्लच लवकर सुटला, ट्रॅक्टर उसळला आणि मी एक झाड आडवं केलं. वडिलांच्या हातचं. फांदी नाही, आख्खं झाड. आई धुऱ्यावर बसली होती.   मी खाली उतरले, झाडाकडे पाहिलं, खूप रडू आलं, आणि पुन्हा चढले. उतरून घरी गेले असते तर पुन्हा कधीच चढले नसते, हे मला पक्कं ठाऊक होतं.

गावाने त्याचं नाव 'बकरी' ठेवलं. "बाईची बकरी चालली," म्हणायचे. पण बकरी फांद्यांखालून सुळकन जायची. संत्र्याची मुळं वरवर असतात, तिथे खोल नांगर घालायचाच नसतो. तिला झेपायचं तेवढंच त्या मातीला हवं होतं. चार दिवसांचं निंदण एका दिवसात व्हायला लागलं. त्या मोसमात बगीच्यात माती उघडी दिसली, दोन वर्षांनी पहिल्यांदा.

मात्र काळ्या वावरात बकरी हरली. तिसऱ्या उन्हाळ्यात आठ एकरात हराळी इतकी माजली की खोल नांगरटीशिवाय इलाज नव्हता. नांगर जमिनीत उतरवला की ट्रॅक्टर पुढून वर उचलला जायचा, काळा धूर सोडायचा आणि बंद पडायचा. दोन दिवस मी दातओठ खाऊन प्रयत्न केला. नवरा म्हणाला, "आता तू इंजिनवर राग काढून राहिली." ते खरं होतं.

तोपर्यंत दादाने स्वतःच्या नावावर पन्नास हॉर्स घेतला होता. त्याच्या चाळीस एकर उघड्या वावरात तो शोभायचाही. मी त्याच्याकडे गेले. तो खाटेवर बसला होता, मला पाहून त्याच्या डोळ्यांत जे यायचं ते आलंच.

"आता समजलं?" तो म्हणाला. "म्हटलं होतं ना, तीन वर्सांत येशीन."

"मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे, दादा. आठ एकराला तीन वर्षांतून एकदा मोठा लागतो. बाकीचे हजार दिवस लहान लागतो. त्या दोन दिवसांसाठी आले. गावात दुसऱ्याला जे भाडं घेतोस ते घे. नाही जमत तर दुसऱ्या गावाहून आणते."

 वहिनी दारात येऊन उभी होती. मग दादा म्हणाला, "उद्या सकाळी येतो." आला. पूर्ण भाडं घेतलं आणि नांगरटही चोख केली, कोपरेसुद्धा सोडले नाहीत. दुपारी आईने त्याला झुणका-भाकर वाढली आणि तो आमच्या अंगणात बसून जेवला.

पुढे दादानेही संत्रा लावला, पाच एकर. झाडं लहान होती तोवर त्याचा मोठा ट्रॅक्टर मजेत फिरला. सहा-सात वर्षांनी फांद्या एकमेकींना भिडायला आल्या, तेव्हा एका सकाळी तो आमच्याकडे आला. आई तोवर वारली होती. त्याचे केस पिकले होते.

"तुह्या बकरीले दोन दिवस पाठवशीन का?" तो म्हणाला. "ड्रायव्हर माह्याकडे हाय."

"ट्रॅक्टर येईल, दादा. पण चालवणार मी."

"लोक का म्हणतीन वं? माह्या वावरात तू..."

"म्हणू दे."

तो हसला नाही आणि भांडलाही नाही.  मग म्हणाला, "सात वाजता ये. ऊन व्हायच्या आत."

मी साडेसहालाच गेले. त्याचे गडी काम सोडून रांगेने उभे होते. मी ट्रॅक्टर पहिल्या ओळीत घातला.