पाइपातलं भोक
पाइप चिकटवायच्या सोल्युशनचा वास आला की मला अजूनही गंगापूर धरणाचं पाणी दिसतं. वडील चांदवडकडच्या मळ्यांमध्ये ठिबकच्या लाइनी टाकायचे. त्या उन्हाळ्यात आम्ही दोघांनी शिडाची होडी बनवली, नकाशा माझा आणि हात त्यांचे. प्लायवूडची अरुंद होडी, कांद्यावर झाकायच्या ताडपत्रीचं शीड, आणि होडी कलंडू नये म्हणून एका बाजूला दोन बांबूंवर लांब बांधलेला, दोन्ही तोंडं बंद केलेला जाडजूड पाइप. होडी पाण्यात लोटताना त्या पाइपाच्या पाठीवर मला बारीक भोक दिसलं. विचारलं, तर म्हणाले, "हवा निघायला नको का? कोंडली का पाइप फुटतो. लय लाइनी टाकल्यात मी." पाइपातलं त्यांना कोण शिकवणार, म्हणून ते चढले तशी मी होडी पुढे लोटली. वाऱ्याने त्यांना बघता बघता लांब नेलं. मग तो पाइप जड होत पाण्याखाली जाऊ लागला, आणि त्यांचं सगळं लक्ष वर, फुगलेल्या शिडाकडे. "बाबा, परत फिरा!" मी काठावरून घसा फुटेस्तोवर ओरडले. त्यांना वाटलं, मी खुशीत ओरडतेय. त्यांनी हसून हात हलवला आणि होडी आडवी झाली. मला पोहता येत नव्हतं. जाळी टाकायला आलेल्या माणसांनी त्यांना बाहेर काढलं. कुडकुडत ते म्हणाले, "तुझ्या नकाशातच काहीतरी चुकलं, पोरी." मी हो म्हणाले. आता ते थकलेत. घरी कोणी आलं की हीच गोष्ट रंगवून सांगतात, नकाशापाशी आले की माझ्याकडे बघतात, आणि मी चहाचे कप ठेवता ठेवता अजूनही हो म्हणते.