सहा दिवे, एक बटण

सांगवीच्या आमच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराला पीओपीचं छत केलं. त्यात सहा स्पॉटलाइट बसवायचे ठरले, सहाही एकाच बटणावर. पीओपीवाला म्हणाला, माझा वायरमन आणतो. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्याला दारातूनच परतवून लावलं. चाकणच्या एका कंपनीत जन्मभर मेंटेनन्सला इलेक्ट्रिशियन होते ते. त्यांच्या घरात बाहेरच्याने पक्कड चालवायची, हे त्यांना नाक कापल्यासारखं वाटलं असतं.

पण दोन वर्षांपासून आप्पांचा उजवा हात थरथरतो. चहाची बशी वाजायला लागली की आम्ही सगळे दुसरीकडे बघतो. त्यांना शिडीवर चढू देणं शक्यच नव्हतं. शेवटी मीच म्हटलं, "मी चढते, तुम्ही खालून सांगा." ते इतक्या लवकर 'बरं' म्हणाले, की मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

त्यांनी अख्ख्या घराचा मेन बंद केला. फ्रिजमधलं दूध नासेल म्हणून आई कुरकुरली, तर तिच्याकडे बघितलंही नाही. मेनच्या पेटीला छोटं कुलूप घातलं आणि चावी माझ्या हातात ठेवली.

"ज्याचं काम, त्याच्या खिशात चावी. कंपनीत आमी हेच करायचो. सायबानं मागितली तरी द्यायची न्हाई."

मी बँकेत नोकरी करते. वायरिंगशी माझी ओळख दिवाळीच्या माळांपुरती. तेव्हा माळेसारखेच दिवे जोडत गेले: पहिल्यातून निघालेली वायर दुसऱ्यात, दुसऱ्यातली तिसऱ्यात. मान अवघडली, डोळ्यांत पीओपीची भुकटी गेली. आप्पा खाली खुर्चीत बसून अधूनमधून नुसतं "हं" म्हणत होते. दीड तासाने मी खाली उतरले, कुलूप काढलं, मेन चालू केला आणि ऐटीत बटण दाबलं. एकही दिवा लागला नाही.

"दुसऱ्या दिव्यालाच चुकलीस," आप्पा शांतपणे म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. "मग तेव्हाच का नाही सांगितलंत? दीड तास मजा बघत बसलात?"

"सांगितलं असतं तर मुकाट ऐकलं असतंस, आन् पुढच्या टायमाला परत मलाच इचारायला आली असतीस. मेन बंद हाय, चुकू दे म्हणलं." मग उजव्या हाताकडे बघत ते म्हणाले, "माझ्या हाताचं आता काय खरं न्हाई, पोरी."

हे त्यांनी पहिल्यांदाच तोंडाने कबूल केलं. माझा राग कुठल्या कुठे गेला. मी मेन बंद करून परत कुलूप लावलं आणि शिडी चढले. आता त्यांनी नीट समजावलं. प्रत्येक दिव्याला दोन्ही वायरी स्वतंत्र मिळाल्या पाहिजेत, बटणावरून आलेली लाल आणि परत जाणारी काळी. या वेळी मेन चालू करून बटण दाबल्यावर सहाच्या सहा दिवे लख्ख लागले. "अगंबाई, ओट्याखालची धूळसुद्धा दिसायला लागली की," आई म्हणाली. आप्पा खुशीत हसले.

महिन्याभराने मिक्सरच्या प्लगमध्ये ठिणगी उडाली. आईने सवयीने आप्पांना हाक मारली. पंखा असो, इस्त्री असो, या घरात आजवर हाक त्यांनाच जायची. आप्पांनी पेपरातून मान वर न करता सांगितलं, "तिला सांग."

मी बटण बंद करून प्लग काढला, मिक्सर बाजूला ओढला आणि प्लग उघडायला घेतला. डोळे इतके भरून आले होते, की स्क्रूच दिसेना.