भावाची पार्किंगमधली सभा

फ्लेक्सवर माझा धाकटा भाऊ इतका गोरा झाला होता, की आई त्याच्या समोरून सरळ पुढे निघून गेली. विश्रांतवाडीतल्या आमच्या सोसायटीने त्याच्या पहिल्या पुण्यतिथीला पार्किंगमध्ये सभा ठेवली होती. तो सैन्यात नर्सिंग असिस्टंट होता. शांतिसेनेबरोबर आफ्रिकेत गेला आणि चकमकीत एका जखमी जवानाला पट्टी बांधताना त्यालाच गोळी लागली. पंचविशीसुद्धा गाठली नव्हती त्याने.

अध्यक्ष उभे राहिले. पाण्याच्या टँकरवर बोलतात त्याच आवाजात म्हणाले, "अत्यंत शांत, मितभाषी मुलगा. कधी कुणाला उलट बोलला नाही."

आई माझ्या कानाशी लागली. "हे कुणाबद्दल चाललंय?"

मला हसू आलं आणि लगेच रागही आला. वर्षभर जो येईल तो त्याला थोडा थोडा देव करून जात होता. आईला हार घातलेला देव नको होता. तिला तिचा आगाऊ पोरगा हवा होता, आणि तो तिच्या डोळ्यांदेखत पुसला जात होता.

पुढच्या वक्त्याने तर त्याला पहाटे उठून व्यायामच करायला लावला. सुट्टीवर आला की हा पठ्ठ्या उन्हं चढेपर्यंत लोळायचा. आई उठलीच. "अहो, पुरे. असा मुलगा मला झालाच नव्हता."

तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी माईक ओढून घेतला.

"मला सुई म्हटलं की घाम फुटतो. हा मेला…" काकूंनी जीभ चावली.

"म्हणा हो," आई म्हणाली. "तो असतानाही हेच म्हणत होतात."

"तर सुई हातात धरून मला विचारतो कसा, 'काकू, तुमच्यापेक्षा सुनेच्या अळूवड्या छान होतात म्हणे?' मी अशी उसळले! म्हटलं, कोण म्हणतं? तर म्हणे, 'कुणीच नाही. झालं इंजेक्शन, बसा आता चोळत.'"

मागे बसलेली सून सगळ्यांत मोठ्याने हसली. मग लोकांची भीड चेपली. वॉचमनमामा म्हणाले, "माझं बीपी बघून बोलला, 'मामा, तुम्ही गेट सांभाळत नाही, गेट तुम्हाला सांभाळतंय.'" वर्षभरात पहिल्यांदा आई खळखळून हसत होती, आणि मला तिच्याकडे बघताना रडू येत होतं.

कार्यक्रम हातातून निसटतोय असं अध्यक्षांना वाटलं असावं. त्यांनी घसा खाकरला. "आता सर्वांनी उभं राहून दोन मिनिटं शांतता पाळू या."

खुर्च्या सरकल्या. आई बसूनच राहिली.

"शांतता नको," ती म्हणाली. "ती घरी भरपूर आहे. तुम्ही बोला."

अध्यक्ष घुटमळले. मग माईक बाजूला ठेवून, खुर्ची ओढून आईसमोर बसले.

"वहिनी," ते हळूच म्हणाले, "मला तो तोंडावर काय म्हणायचा, सांगू?"